पाच वावरांच्या आलेखावर टॉनिक घ्यायचं का?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या जिल्हा पानावर शेतकरी मेळाव्याची बातमी आली होती, त्यात पऱ्हाटीवर मारायच्या एका टॉनिकचा आलेख छापला होता अन् मथळा होता की जितक्या फवारण्या तितका कापूस, ७७ टक्के संबंध सिद्ध. टॉनिक कोणाचं, बातमी कोणी लिहिली यात मला जायचं नाही. मला त्या आलेखाबद्दल बोलायचंय, कारण मी तालुक्याच्या गावी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, घरचं कोरडवाहू वावर आहे, सध्या पऱ्हाटी पातीफुलावर आहे म्हणजे फवारणीचेच दिवस आहेत, आणि ते कात्रण खिशात घालून लोक कृषी केंद्रावर जाऊन बाटल्या आणताहेत, त्यातही बरेच जण उधारीवर. पेपरात छापून आलं की आपल्याकडे माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. म्हणून पत्र लांब झालं तरी पूर्ण छापा ही विनंती, यातलं गणित दहावी झालेलं कोणतंही पोरगं वहीवर करून पाहू शकतं अन् त्यानं ते करून पाहावं अशी माझी फार इच्छा आहे.

तर आलेखात ठिपके पाच. पाच कास्तकार, पहिल्यानं १ फवारणी केली, दुसऱ्यानं २, मग ३, ४, आणि पाचव्यानं ५. त्यांचा एकरी कापूस क्विंटलमधे अनुक्रमे ४, ६, ७, ६, ७. एवढीच माहिती, आणि त्या पाच ठिपक्यांतून खालून वर जाणारी एक लाल रेघ.

आता ७७ आलं कुठून ते पाहू. फवारण्यांची सरासरी ३, कापसाची सरासरी ६. प्रत्येक जण सरासरीपासून किती दूर ते मांडा. फवारण्यांचे फरक उणे २, उणे १, ०, १, २. कापसाचे फरक उणे २, ०, १, ०, १. जोडीनं गुणाकार करून बेरीज घ्या, ४ अधिक ० अधिक ० अधिक ० अधिक २, आले ६. फवारणीच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०, कापसाच्या फरकांच्या वर्गांची ६. दोघांचा गुणाकार ६०, त्याचं वर्गमूळ जवळपास ७.७५, आणि ६ ला ७.७५ नं भागलं की ०.७७. झालं. यालाच सहसंबंध गुणांक म्हणतात, नाहीतर नुसतं आर. कल्पना फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाची, १८८८ ची, अन् पुढं दहा वर्षांच्या आत कार्ल पिअर्सननं हे आजचं सूत्र पक्कं केलं. त्यामागचा विचार एकदम साधा आहे, जो कास्तकार फवारणीत सरासरीच्या वर आहे तो कापसातही वर असला, किंवा दोन्हीत खाली असला, तर गुणाकार अधिक येतो, एकात वर अन् दुसऱ्यात खाली असला तर उणे येतो, सगळ्यांची बेरीज कुठं झुकते ते पाहायचं, आणि भागाकार केल्यामुळं आकडा उणे १ आणि अधिक १ याच्या मधेच राहतो, किलो घ्या क्विंटल घ्या, एकर घ्या हेक्टर घ्या, काही फरक पडत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ०.७७ हे ७७ टक्के नाही. आर हा टक्का नसतोच. वर्गात पण पोरं विचारतात, "सर, ०.७७ मंजे फर्स्टक्लासमधे पास झालं ना?" टक्क्यात बोलायचंच असेल तर आरचा वर्ग घ्यावा लागतो, तो इथं ०.६० येतो, आणि त्याचा अर्थ असा की या पाच वावरांच्या कापसात एकमेकांत जो कमीजास्तपणा आहे त्यातला ६० टक्के कमीजास्तपणा त्या सरळ रेषेवर बसतो. यात टॉनिकनं ६० टक्के काम केलं असं कुठंही येत नाही. कापूस ६० टक्क्यांनी वाढला असं तर बिलकुलच येत नाही.

किती वाढला हे आर सांगतच नाही, हे फार महत्त्वाचंय कारण कास्तकाराला नेमकं तेच पाहिजे असतं. ते रेषेच्या चढावरून कळतं. इथं चढ आहे ६ भागिले १०, म्हणजे एका फवारणीमागं ०.६ क्विंटल, ६० किलो. आता समजा त्या पाच वावरांतले फरक दहा पटीनं बारीक असते, म्हणजे कापूस ५.८, ६, ६.१, ६, ६.१ क्विंटल झाला असता, तरी आर तोच ०.७७ आला असता, पण एका फवारणीमागं कापूस वाढला असता फक्त ६ किलो, ज्यातून बाटलीचे पैसे, फवारणाऱ्याची मजुरी अन् पाण्याच्या टाक्या वाहायचा खर्च निघतो का ते ज्याचं त्यानं पाहावं. दोन्ही आलेख दिसायला सारखेच, रेघ तशीच लाल आणि तशीच वर जाणारी, कारण उभ्या अक्षावर आकडे कसे टाकायचे हे काढणाऱ्याच्या हातात असतं.

आता "सिद्ध" या शब्दाकडं येतो. माझा खरा मुद्दा हाच आहे.

समजा टॉनिकचा कापसाशी काहीच संबंध नाही. शून्य. कोणाच्या वावरात किती पिकणार होतं ते जमिनीवर, पाण्यावर, बियाण्यावर, बोंडअळीवर ठरलेलं होतं, अन् कोण किती फवारण्या करणार हे वेगळंच ठरलेलं होतं. तरीही निव्वळ योगायोगानं जास्त फवारण्यावाल्याच्या नशिबी जास्त कापूस येऊ शकतो की नाही? येऊ शकतो. प्रश्न एवढाच की असं किती वेळा होईल. हे कळायला कॉम्प्युटर लागत नाही, चिठ्ठ्या पुरतात. पाच चिठ्ठ्यांवर ४, ६, ६, ७, ७ लिहा, डब्यात टाका, हलवा, आणि एक एक काढून १ फवारणीवाल्यापासून ५ फवारणीवाल्यापर्यंत ओळीनं वाटा. दोन ६ सारखेच, दोन ७ सारखेच, म्हणून वेगवेगळ्या मांडण्या एकूण ३० च होतात, आणि चिठ्ठ्या नीट हलवल्या असतील तर प्रत्येकीची शक्यता सारखी. त्या ३० पैकी ०.७७ किंवा त्याहून जास्त आर देणाऱ्या मांडण्या दोन, एक ४, ६, ७, ६, ७ जी कंपनीनं दाखवली, अन् दुसरी ४, ६, ६, ७, ७. आणि उलट्या बाजूनं, म्हणजे फवारणी वाढली तसा कापूस घटला असं तेवढ्याच जोरानं दाखवणाऱ्याही दोन, ७, ६, ७, ६, ४ आणि ७, ७, ६, ६, ४. म्हणजे ३० पैकी ४. शंभरात साधारण १३ वेळा नुसत्या चिठ्ठ्या हलवून एवढा "घट्ट" संबंध तयार होतो, टॉनिकचा एक थेंबही न मारता.

मी हे वर्गात करून घेतो. पोरापोरींना सूत्र महिनाभरात विसरायला होतं पण ह्या चिठ्ठ्या नाही विसरत, कारण स्वतःच्या हातानं काढलेल्या चिठ्ठ्यांतून वर जाणारी रेघ निघते तेव्हा पोरं एकदम गप्प होतात अन् मग स्वतःहून विचारतात की सर मग किती ठिपके असले तर विश्वास ठेवायचा. हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की पुढचं शिकवणं सोपं जातं.

पुस्तकातली टेस्ट हेच काम करते, फक्त सूत्रानं. आर घ्या, ठिपक्यांच्या संख्येतून २ वजा करून त्याचं वर्गमूळ काढा, दोघांचा गुणाकार करा, आणि १ मधून आरचा वर्ग वजा करून जे उरतं त्याच्या वर्गमुळानं भागा. इथं ०.७७ गुणिले १.७३ भागिले ०.६३, उत्तर २.१२ च्या आसपास. याला टी म्हणतात. पाच ठिपक्यांसाठी, म्हणजे तीन डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी (ठिपके वजा २), ५ टक्के पातळीचा, म्हणजे नुसत्या योगायोगानं शंभरात पाचच वेळा ओलांडला जाणारा, कोष्टकातला आकडा आहे ३.१८. आपला २.१२ त्याच्या बराच खाली. पी व्हॅल्यू, म्हणजे काही संबंध नसताना एवढा जोर योगायोगानं दिसायची शक्यता, येते साधारण ०.१२, चिठ्ठ्यांच्या १३ टक्क्यांच्या अगदी शेजारी. म्हणजे "सिद्ध" तर सोडाच, स्टॅटिस्टिक्सच्या रोजच्या पातळीवरही हा संबंध उभा राहत नाही. यातली टीची गोष्ट सांगायला मला आवडते, डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा माणूस होता, त्याला बार्ली अन् माल्टचे मोजकेच नमुने मिळायचे आणि तेवढ्यावरच निर्णय घ्यायचा असायचा, म्हणून थोड्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा हे त्यानं शोधलं आणि १९०८ मधे "स्टुडंट" या टोपणनावानं छापलं. पुढं १९१५ मधे रोनाल्ड फिशर या इंग्रज स्टॅटिस्टिशियननं आरसाठी नेमकं गणित मांडलं. म्हणजे थोड्या शेतांच्या आकड्यांनी फसायला होतं हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सुटलेला आहे, आणि सुटला तोही पिकाच्याच आकड्यांवर.

इथं एक गैरसमज लगेच होतो तोही लिहितो. पी ०.१२ म्हणजे टॉनिक निकामी असण्याची शक्यता १२ टक्के अन् चांगलं असण्याची ८८ टक्के, असं नाही. पी एवढंच सांगतो की काही संबंध नसता तर असला किंवा याहून जोरदार आलेख किती वेळा निघाला असता. आणि टेस्टमधे बसलं नाही म्हणजे टॉनिक खोटं ठरलं असंही मी म्हणत नाही. पाच ठिपक्यांवरून दोन्हीपैकी काहीच कळत नाही. फिशरच्याच पद्धतीनं खरा आर कुठं असू शकतो त्याचा पल्ला काढला तर तो अंदाजे उणे ०.३४ पासून अधिक ०.९८ पर्यंत जातो, म्हणजे टॉनिकनं कापूस थोडा घटतो इथपासून प्रचंड साथ देतो इथपर्यंत सगळं त्यात मावतं. हाच ०.७७ जर सात कास्तकारांवर आला असता तर टेस्टमधे काठावर का होईना बसला असता, दहांवर आला असता तर चांगलाच बसला असता, कारण दहा ठिपक्यांना ०.६३ च्या वर आर पुरतो, पाचांना ०.८८ लागतो, तिसांना ०.३६ सुद्धा चालतो. म्हणून ठिपके किती ते न सांगता नुसता आर छापणं म्हणजे भाव सांगायचा अन् तो किलोचा की क्विंटलचा ते सांगायचं नाही असं आहे.

अजून एक करून पाहा. पहिला कास्तकार, १ फवारणी ४ क्विंटलवाला, त्याला बाजूला काढा. राहिले चार, २, ३, ४, ५ फवारण्या आणि ६, ७, ६, ७ क्विंटल. आता आर काढला तर येतो ०.४५. एका माणसाच्या जोरावर सगळी लाल रेघ उभी होती. आणि त्या माणसाचं वावर बरड असलं, किंवा त्याच्याकडं रानडुकरांनी नासधूस केली असली, किंवा घरात आजारपण असल्यानं डवरणी निंदण वेळेवर झालं नसलं, तर त्याचा कापूस कमी झाला याचं कारण फवारणी कमी हे कसं म्हणणार? बातमीत त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कारणाची. समजा पाचाचे पन्नास कास्तकार झाले, आर ०.७७ च राहिला, टेस्टमधे दणदणीत बसला, तरी टॉनिकमुळं कापूस वाढला असं म्हणता येत नाही. आपल्या भागात पाच फवारण्या कोण करतो? ज्याच्याकडं विहिरीला पाणी आहे, जमीन भारी काळी आहे, ठिबक आहे, हातात पैसा आहे तो. अन् एका फवारणीवर कोण थांबतो? बरड जमिनीवाला, कोरडवाहू, ज्याला मधेच पावसानं दडी मारली तर खर्च थांबवावाच लागतो तो. म्हणजे पाणी अन् पैसा हे फवारण्याही वाढवतात आणि कापूसही वाढवतात, आणि आलेखात फक्त फवारणी अन् कापूस दिसतो. उन्हाळ्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर गेला की कूलरही जास्त विकले जातात आणि उष्माघाताचे पेशंटही वाढतात, दोन्हीचा आर भरपूर येईल, पण कूलरमुळं उष्माघात होतो असं कोणी म्हणणार नाही, तिथं आपल्याला ऊन दिसतं म्हणून. वावरात तिसरी गोष्ट तेवढी उघडी दिसत नाही.

आणि कारण उलटंही असतं. पऱ्हाटी जोमात दिसली, पातीफूल भरपूर लागलं, की कास्तकाराला हुरूप येतो अन् तो म्हणतो अजून एक मारून देतो. ज्याची पऱ्हाटी लाल पडली, पातीगळ झाली, तो म्हणतो आता याच्यावर अजून कायले पैसा लावू. म्हणजे पीक चांगलं म्हणून फवारण्या जास्त झाल्या. आर काढताना फवारणी आडव्या अक्षावर ठेवा की उभ्या, उत्तर तेच येतं, कोणामुळं कोण हे त्या आकड्याला माहीतच नसतं. हे कोणत्याही वावरमालकाला लगेच पटतं कारण त्यानं स्वतः असंच केलेलं असतं, पण छापलेल्या आलेखासमोर तो हे बोलून दाखवत नाही.

मग हे पाच कास्तकार निवडले कोणी हा प्रश्न येतो. कंपनीनं बाटल्या पाचच जणांना दिल्या की पन्नास जणांना दिल्या अन् त्यातले पाच स्टॉलवर आणले? आपल्याकडे पीक विम्यामुळं पीक कापणी प्रयोग गावोगावी माहीत आहे, तिथं वावर कोणतं आणि वावरातला तुकडा कोणता हे रँडम नंबरवरून ठरतं, तलाठी किंवा कृषी सहाय्यकाच्या मनावर सोडलेलं नसतं, कारण मनावर सोडलं की माणूस नकळत बरा किंवा वाईट तुकडा निवडतो. ही पद्धत आपल्या देशात बसवणाऱ्यांमधे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे स्टॅटिस्टिशियन डॉ. पां. वा. सुखात्मे होते, १९४० च्या दशकात. म्हणजे विम्याच्या पैशासाठी आपण रँडम तुकड्याचा आग्रह धरतो, पंचनाम्यात खोट दिसली तर भांडतो, आणि टॉनिकच्या पैशासाठी कंपनीनं निवडलेले पाच ठिपके मुकाट्यानं मानतो, हे मला खटकतं.

निवडीवरून अजून एक. सर गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख होते, १८९९ च्या मोठ्या दुष्काळानंतर मान्सूनचा अंदाज आधी सांगता यावा म्हणून त्यांनी जगभरचे हवेचे दाब, पाऊस, तापमान यांचे ढीगभर सहसंबंध हातानं काढून घेतले, आणि त्यातूनच पॅसिफिक महासागराच्या दोन बाजूंचे दाब तराजूसारखे वरखाली होतात हे त्यांना सापडलं, आज आपण एल निनोच्या बातम्या वाचतो त्याचं मूळ तिथं आहे. पण याच माणसानं १९१४ मधे लिहून ठेवलं की शेकडो गुणांकांतून सगळ्यात मोठा निवडला तर त्याला एकट्याला लावायची कसोटी पुरत नाही, कसोटी कडक करावी लागते. साधा हिशोब आहे, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले २० संबंध ५ टक्क्यांच्या पातळीवर तपासले तर त्यातला निदान एक तरी योगायोगानं "सिग्निफिकंट" (टेस्टमधे बसणारा) निघायची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून कंपनीनं उंची, फांद्या, पाती, बोंडं, बोंडाचं वजन, उतारा असं सगळं मोजलं का, अन् त्यातलं जे वर गेलं तेवढंच छापायला दिलं का, हे विचारायलाच पाहिजे.

ठिपके प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आरवर विश्वास ठेवूच नये. आपल्याच पिकाचं घ्या. समजा पाच वर्षांचा पाऊस ५००, ७००, ९००, ११००, १३०० मिलिमीटर आणि उतारा ३, ६, ७, ६, ३ क्विंटल. पाऊस कमी तर पीक वाळतं, पाऊस जास्त तर मुळं सडतात, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण आर काढा, बरोबर शून्य येतो, एक दशांशही इकडंतिकडं नाही. कारण आर फक्त सरळ रेघ शोधतो, वर चढून खाली उतरणारा संबंध त्याला दिसतच नाही. उद्या कोणी मथळा दिला की पावसाचा कापसाशी संबंध नाही, तर गणित बरोबर अन् बातमी साफ चूक. याची उलट बाजू स्टॅटिस्टिशियन फ्रान्सिस अँस्कोंब यांनी १९७३ मधे दाखवली, त्यांनी अकरा अकरा ठिपक्यांचे चार संच तयार केले, चारही ठिकाणी आर ०.८१६, सरासऱ्या सारख्या, रेघही सारखीच, पण काढून पाहिलं तर एकात साधा विखुरलेला चढ, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात सरळ रेघ अन् एक ठिपका भलतीकडं, चौथ्यात सगळे ठिपके एकावर एक उभे आणि एकच ठिपका लांब. तेव्हा मशीनमधून आर काढून मोकळं होणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की आधी आलेख काढा. आज मोबाईलवर पाच मिनिटात निघतो.

आणि ठिपके खूप असले की उलटा धोका. हजार कास्तकारांवर आर ०.०७ आला तरी टेस्टमधे बसतो, पण त्याचा वर्ग अर्धा टक्काही नाही. सिग्निफिकंट झालं म्हणजे कामाचं झालं असं नसतं.

आमच्या कॉलेजांबद्दलही लिहायला पाहिजे. अकरावी कॉमर्सच्या गणितात सहसंबंध येतो, पोरं सूत्रात आकडे टाकून दोन दशांशापर्यंत बरोबर उत्तर काढतात, पुढं डिग्रीला गेल्यावर कुठं टेस्ट येते, आणि तीही कोष्टक पाहून "एच नॉट रिजेक्ट" (म्हणजे "काही संबंध नाही" हे गृहीतक फेटाळलं) लिहायची म्हणून. मधे हजारो पोरं शिक्षण सोडून वावरात, दुकानात, कृषी केंद्राच्या काउंटरवर जातात, म्हणजे ज्यांना आर काढता येतो पण तपासता येत नाही अशी एक पिढीच आपण तयार केली. त्यांच्यात हुशारीची कमी नाही, माझ्या वर्गातली एक मुलगी वडलांच्या वहीतले कापसाचे जुने आकडे घेऊन आली अन् स्वतःहून म्हणाली की सर, याच्यात विहीर झाल्याच्या आधीचे अन् नंतरचे वेगळे काढावे लागतील ना. बरोबर तेच करायचं असतं. एवढी समज घरच्या वहीतून येते, फक्त कोणीतरी तिला तो प्रश्न विचारायची सवय लावायला पाहिजे, आणि ती सवय परीक्षेच्या पाच मार्कांच्या गणितानं लागत नाही.

टॉनिकचं खरं खोटं करायचं असेल तर रस्ता अवघड नाही. एकाच वावरात पट्टे पाडा, प्रत्येक पट्टा दहा ओळींचा घ्या, कोणत्या पट्ट्यावर टॉनिक मारायचं अन् कोणत्यावर नुसतं पाणी हे चिठ्ठी टाकून ठरवा, बाकी खत, पाणी, औषध सगळं सारखं, आणि वेचणी पट्ट्यापट्ट्यानं वेगळी तोला. असं दहाबारा वावरांत केलं की जमीन, पाणी अन् पैसा यांचा गोंधळ आपोआप कटतो, कारण चिठ्ठीला वावर कोणाचं ते माहीत नसतं. फिशरनं इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतांवर हेच रुजवलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत अशा चाचण्या नेहमीचं काम आहे. कंपनीकडं अशा चाचणीचा रिपोर्ट असेल तर तो मागा, तो छापा, मी स्वतः तो वर्गात शिकवीन आणि चांगला निघाला तर आमच्या गावात सांगीन पण.

तुम्हाला विनंती एवढीच आहे साहेब, इथून पुढं "यांचा थेट संबंध" असली बातमी आली की वार्ताहराला तीनचार गोष्टी विचारून घ्यायला सांगा, ठिपके किती, निवडले कोणी अन् कसे, वाढ किलोमधे किती, आणि टेस्ट केली का, केली असेल तर पी किती. उत्तर मिळालं नाही तर "माहिती दिली नाही" एवढं बातमीत लिहा, ते वाचूनही कास्तकार सावध होतो. आलेख छापताना नुसती रेघ नका छापू, ठिपके छापा, अन् उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही ते दिसू द्या. आणि त्या टॉनिकच्या बातमीखाली पाचच वावरांचे आकडे होते हे एका छोट्या चौकटीत परत छापा, फवारणीचे दिवस सरायच्या आत, कारण नंतर छापून उपयोग नाही. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन वेचणी लागली की मी अन् आमची पोरं आसपासच्या गावांतून फवारण्या, जमिनीचा प्रकार, पाण्याची सोय आणि उतारा असे आकडे गोळा करणार आहोत, शक्य तितक्या वावरांचे, आणि वावरं गावातल्या सगळ्या वावरांच्या यादीतून रँडम नंबरनं निवडणार आहोत. ते आकडे, जसे निघतील तसे, ठिपक्यांच्या आलेखासकट तुमच्याकडं पाठवीन. जागा द्या.

आपला,
स्टॅटिस्टिक्सचा एक मास्तर,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ